व्हॉल्व्हची पारख : प्रस्तावना

जुन्या रेडिओचा किंवा ॲम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह हातात आला की बहुतेक जण आधी त्यावरचे नाव वाचतात. मुलार्ड, फिलिप्स, टेलिफुंकन असे काही दिसले की किंमत चढते. अक्षरे पुसली गेली असतील तर तोच व्हॉल्व्ह खोक्याच्या तळाशी जातो. ही पुस्तिका या सवयीविरुद्ध लिहिली आहे. काचेवर रंगाने छापलेले नाव हा व्हॉल्व्हविषयीचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. ते पुसले जाते, बदलता येते, आणि एका कारखान्याच्या मालावर दुसऱ्याचे नाव छापण्याची रीत तर व्हॉल्व्हच्या ऐन भरभराटीच्या काळातही होती. पक्का पुरावा काचेच्या आत असतो : प्लेटची लांबी, ग्रिडचे खांब, गेटरची कडी, बुडाशी उमटवलेली बारीक खूण. बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर थांबत नाही, जबडा उघडून दात बघतो. व्हॉल्व्हचे दात कसे बघायचे ते सांगणे, एवढेच या पुस्तिकेचे काम आहे.

ती हसनाबादहून निघते आहे, यालाही कारण आहे. हसनाबाद हे भोकरदन तालुक्यातले गाव. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची हैदराबाद आणि औरंगाबाद अशी दोन रेडिओ केंद्रे होती आणि १९५० मध्ये ती आकाशवाणीकडे आली. मराठवाडा १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात सामील झाला. त्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवून पाहण्याचा प्रयोग पुणे केंद्राने केला. ट्रान्झिस्टर गावोगाव पोहोचण्याआधीचा हा काळ. रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचाच रेडिओ.

पण वीज कुठे होती? मराठवाड्यातल्या बहुतेक खेड्यांत ती बऱ्याच उशिरा आली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये एक जात शहरापेक्षा जास्त भेटते : कोरड्या बॅटरीवर चालणारी. डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१, डीएल९२ आणि त्यानंतरची डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ ही मालिका. फिलामेंटला फक्त १.४ व्होल्ट आणि प्लेटला ९० व्होल्टची बॅटरी. ९६ च्या मालिकेत तर बहुतेक फिलामेंट अवघ्या २५ मिलिअँपिअरवर चालत, कारण बॅटरी महाग होती आणि ती शक्य तितकी पुरवायची होती. हे व्हॉल्व्ह करंगळीएवढे, सात पिनांचे, आणि फार नाजूक. सवयीने कुणी त्यांच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लावले तर क्षणात जळतात. असे कितीतरी चांगले व्हॉल्व्ह तपासतानाच मेले आहेत. नाव वाचता येणे आणि नावाचा अर्थ कळणे यात किती अंतर आहे, हे याच एका उदाहरणावरून दिसते.

वीज आल्यावर दुसरी जात आली : घरचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ आणि मंडपातले ‘मशीन’. सप्ताह, जत्रा, तमाशा, टूरिंग टॉकीज, निवडणुकीची सभा, लग्न अशा सगळ्या ठिकाणी भोंग्यामागे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, नॅशनल एको मुंबईत बनत. या यंत्रांतले व्हॉल्व्ह आधी बाहेरून येत. बंगळूरला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने, म्हणजे बीईएलने, १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतर आपल्या रेडिओत देशी व्हॉल्व्ह दिसू लागले. ही तारीख पारख करणाऱ्याने पाठ ठेवावी. बीईएलची खूण असलेला व्हॉल्व्ह कुणी पन्नाशीच्या दशकातला म्हणून विकत असेल, तर पुढे काही ऐकायची गरज नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तापलेल्या धातूतून, म्हणजे कॅथोडमधून, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. निर्वात काचेत समोर धन विद्युतभाराची प्लेट ठेवली की ते तिच्याकडे धावतात, उलट दिशेने मात्र जात नाहीत. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये लंडनमध्ये याचा उपयोग करून डायोड केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मधे तिसरे अंग घातले, तीच ग्रिड. ग्रिडवरच्या लहानशा चढउताराने प्लेटचा मोठा प्रवाह हलतो, आणि क्षीण आवाज मोठा होतो. १९२६ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत टेलेगेन यांनी पाच अंगांचा पेंटोड शोधला आणि घरगुती रेडिओचा स्पीकर जोरात वाजू लागला. ग्रिडच्या तारेची जाडी, तिच्या वेढ्यांतले अंतर, कॅथोडवरचा लेप यांत केसाएवढा फरक पडला तरी व्हॉल्व्हचा स्वभाव बदलतो. म्हणूनच एकाच क्रमांकाचे दोन कारखान्यांचे व्हॉल्व्ह वेगळे निघू शकतात, आणि म्हणूनच पारख करण्यात अर्थ आहे.

आता नाव. युरोपीय पद्धतीत नाव हाच व्हॉल्व्हचा तक्ता असतो. पहिले अक्षर हीटर, म्हणजे आत तापणारी तार, सांगते : डी म्हणजे दीड व्होल्टच्या आतला बॅटरीचा, ई म्हणजे ६.३ व्होल्टचा, जी म्हणजे ५ व्होल्टचा, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या साखळीतला, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या साखळीतला, जो बहुधा टीव्हीतून निघतो. पुढची अक्षरे आतली अंगे सांगतात : ए डायोड, बी दुहेरी डायोड, सी ट्रायोड, एफ पेंटोड, एच हेक्झोड किंवा हेप्टोड, एल आउटपुट पेंटोड, एम हिरवा डोळा, वाय अर्धलहरी आणि झेड पूर्णलहरी रेक्टिफायर. आकडा बैठक सांगतो : ३ ने सुरू होणारा बहुधा आठ पिनांच्या ऑक्टल बेसचा, ८ ने सुरू होणारा नऊ पिनांचा, ९ ने सुरू होणारा सात पिनांचा.

एवढे हाती आले की साठच्या दशकातला घरचा रेडिओ वाचता येतो. ईसीएच८१ लहरी बदलतो, ईएफ८९ त्यांना बळ देतो, ईबीसी८१ आवाज वेगळा काढतो, ईएल८४ स्पीकर हलवतो, ईझेड८० विजेचा प्रवाह सरळ करतो, आणि समोरच्या काचेत ईएम८० चा हिरवा डोळा स्टेशन लागले की नाही ते दाखवतो. हाच संच एसी-डीसी दोन्हीवर चालणाऱ्या रेडिओत यूसीएच८१, यूएफ८९, यूबीसी८१, यूएल८४ आणि यूवाय८५ असा असतो. कामे तीच, फक्त हीटर एकामागे एक जोडलेले. म्हणून त्यातला एक गेला की सगळे विझतात, आणि घाईत पाचही व्हॉल्व्ह भंगारात जातात. खरे तर त्यातले चार चांगले असतात.

अमेरिकन पद्धत वेगळी आहे. तिथे पहिला आकडा साधारण हीटरचे व्होल्ट सांगतो, बाकीच्यातून फारसे काही कळत नाही. पण जोड्या ठरलेल्या आहेत आणि त्या पाठ असाव्यात. ईसीसी८१ म्हणजे १२एटी७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७. ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईएल३४ म्हणजे ६सीए७, ईझेड८१ म्हणजे ६सीए४, जीझेड३४ म्हणजे ५एआर४, ईसीएल८२ म्हणजे ६बीएम८, ईएफ८६ म्हणजे ६२६७. ब्रिटिश लष्करी मालावर सीव्ही आणि आकडे असतात : सीव्ही४००४ हा ईसीसी८३ चाच निवडक भाऊ. रशियन ६पी१४पी हा ईएल८४ च्या जागी बसतो. मात्र रशियन ६एन२पी हा ईसीसी८३ सारखा दिसतो, वागतोही जवळपास तसाच, पण त्याच्या हीटरची जोडणी वेगळी आहे. सॉकेट न बदलता तो लावू नये. सारखे दिसणे आणि सारखे असणे यांतला फरक या पुस्तिकेत पुन:पुन्हा येईल.

आता काच. व्हॉल्व्ह उजेडात धरावा आणि वरून खाली वाचत यावे. वरचा चंदेरी थर हा गेटरचा. हा बेरियमचा असतो आणि काचेत उरलेली हवा शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला, यात दुमत नाही. त्याखालची गेटरची कडी गोल आहे की चौकोनी, एका खांबावर आहे की दोन, हे कारखाना आणि काळ ओळखायला कामी येते. मग प्लेट. ईसीसी८३ मध्ये जुन्या मालिकांच्या प्लेट सुमारे १७ मिलिमीटर लांब, नंतरच्या सुमारे १४. काहींच्या गुळगुळीत, काहींच्यावर आडव्या घड्या. सर्वांत शेवटी बूड. टेलिफुंकनच्या स्वत:च्या कारखान्यातल्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला पिनांच्या मधोमध काचेतच पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण उठवलेली असते. वर टेलिफुंकन छापलेले आहे आणि बुडाला ती चौकट नाही, तर माल दुसऱ्याने केलेला आहे. उलट, भलत्याच कंपनीचे नाव आहे पण चौकट आहे, तर तो टेलिफुंकनच.

फिलिप्स घराण्याच्या व्हॉल्व्हवर, मुलार्ड त्यातलाच, काचेच्या खालच्या बाजूला दोन ओळींची खूण असते. पहिली ओळ प्रकार आणि सुधारणेचा क्रमांक देते : ईसीसी८३ साठी आय६१ किंवा आय६३, ईएल३४ साठी एक्सएफ१ किंवा एक्सएफ२. दुसऱ्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना आणि आठवडा. ‘बी४एच२’ असे असेल तर बी म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ४ ने संपणारे वर्ष, एच म्हणजे आठवा महिना ऑगस्ट, त्यातला दुसरा आठवडा. बीच्या जागी आर असेल तर मिचम, त्रिकोण असेल तर हॉलंडमधले हेर्लेन. वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे दशक ठरवायला पहिली ओळ आणि आतली घडण यांची साक्ष काढावी लागते. अमेरिकन मालावर तीन आकड्यांची खूण कंपनी सांगते : २७४ आरसीए, १८८ जनरल इलेक्ट्रिक, ३१२ सिल्व्हेनिया.

ही अक्षरे हातानेही पुसली जातात. म्हणून जुन्या व्हॉल्व्हवरची धूळ साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने कधीही काढू नये. कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी. अक्षरे दिसत नसतील तर काचेवर तोंडाची वाफ सोडावी, किंवा व्हॉल्व्ह थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढावा. बाष्प धरले की पुसलेला आकडा क्षणभर उमटतो.

एवढी तपासणी कशासाठी, ते बाजार सांगतो. आज ‘मुलार्ड’ हे नाव घेऊन येणारे नवे ईसीसी८३ रशियातल्या साराटोवच्या कारखान्यात बनतात. ते नवे व्हॉल्व्ह म्हणून नीट चालतात, पण ब्लॅकबर्नचे नाहीत. दुसरीकडे आपले बीईएल. त्यांच्या नावांची रीत युरोपीय, घडणही फिलिप्स-मुलार्डच्या जवळची. त्यामुळे छपाई पुसून त्यांना परदेशी नावाने खपवण्याचा मोह होतो. या व्यवहारात विकणारा फसवतो, घेणारा फसतो, आणि बंगळूरच्या कारखान्यातल्या कामगारांचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होते. माझे मत स्पष्ट आहे : बीईएलचा चांगला मोजलेला ईएल८४ बीईएल म्हणूनच अभिमानाने विकावा आणि विकत घ्यावा.

मोजलेला, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. ओळख पटली म्हणजे पारख झाली असे नाही. ईसीसी८१, ८२ आणि ८३ हे तिघे बाहेरून सारखेच, पिनाही सारख्याच. पण वर्धनांक अनुक्रमे सुमारे ६०, १७ आणि १००. ८३ च्या जागी ८२ लावून ‘आवाज किती मऊ झाला’ म्हणणे ही तुलना नव्हे, तो निव्वळ वेगळा व्हॉल्व्ह आहे. तुलना एकाच प्रकारच्या, सारख्या मोजमापाच्या व्हॉल्व्हमध्येच होऊ शकते. नव्या ईएल८४ ला २५० व्होल्टवर आणि ४८ मिलिअँपिअरला सुमारे ११.३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट इतकी ग्रिडची पकड असायला हवी. ईसीसी८३ च्या प्रत्येक अर्ध्या भागाला सुमारे १.६. हे आकडे टेस्टरवर बघितल्याशिवाय कोणत्या कारखान्याचा आवाज गोड, यावर वाद घालू नये. थकलेला मुलार्ड आणि ताजा बीईएल यांच्या तुलनेतून कारखान्याविषयी काहीच कळत नाही, कळते ते फक्त वय.

यंत्रही निर्दोष हवे. जुन्या रेडिओतला कागदी कपलिंग कपॅसिटर गळू लागला की ईएल८४ च्या ग्रिडवर धन व्होल्टेज येते आणि प्लेट लाल होते. दोष कपॅसिटरचा, पण शिक्षा व्हॉल्व्हला होते. नवा व्हॉल्व्ह लावण्याआधी तो कपॅसिटर बदलावा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शेतीपंप सुरू असताना खेड्यात व्होल्टेज पडते. २३० चे १९० झाले तर ६.३ व्होल्टच्या हीटरला मिळतात जेमतेम ५.२. हीटरला सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांपलीकडचा फरक चालत नाही. अशा संध्याकाळी ऐकून केलेला निवाडा मी ग्राह्य धरत नाही. स्टॅबिलायझर लावावा, मीटर जोडावा, मगच ऐकावे.

ऐकताना दोन्ही व्हॉल्व्हच्या वेळी आवाजाची पातळी मीटरने सारखी करावी, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. कोणता व्हॉल्व्ह लावला आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नये. आपल्या संगीतात याची उत्तम परीक्षा आहे. तानपुऱ्याची जवारी लावली की पहिल्या टप्प्याच्या व्हॉल्व्हची खरखर आणि गुणगुण लपत नाही. डग्ग्याची घुमक आउटपुट व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांची ताकद सांगते. एकट्या गळ्याचा अभंग मधल्या सप्तकाचा खरेपणा सांगतो. शब्दांत लिहिताना ‘उबदार’, ‘जादुई’ असले शब्द टाळावेत. ‘जवारी तिसऱ्या तारेपर्यंत सुटी ऐकू येते’ असे लिहिले तर दुसऱ्यालाही ते तपासून पाहता येते.

काही भीती निराधार असतात, त्या आधीच दूर करतो. चालू करताच हीटर क्षणभर लख्ख पेटणे ही काही कारखान्यांच्या व्हॉल्व्हची रीतच आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या बाजूला निळी झाक दिसणेही निर्धोक. मात्र अंगांच्या मधे जांभळट-गुलाबी धूर भरल्यासारखा दिसला तर आत वायू आहे, तो व्हॉल्व्ह काढावा. खरी भीती बाळगावी ती विजेची. या यंत्रांत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतात. एसी-डीसी रेडिओची तर पत्र्याची चासीच थेट विजेला जोडलेली असू शकते. कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय, मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. मुलांना शिकवताना हा धडा पहिला द्यावा.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात नावे आणि जोड्या, दुसऱ्यात काचेच्या आतली घडण, तिसऱ्यात कारखान्यांच्या खुणा, चौथ्यात मोजमाप, पाचव्यात ऐकण्याची शिस्त. घाई असेल त्याने निदान पहिले दोन भाग वाचावेत. भंगाराच्या दुकानात उभे राहून एखादा व्हॉल्व्ह वाचवायला तेवढे पुरतात.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घराच्या माळ्यावर, गावातल्या बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, साउंडवाल्याच्या जुन्या पेटीत व्हॉल्व्ह असतील. किलोने विकण्याआधी त्यांचे फोटो काढा. काचेवरचा प्रत्येक आकडा वहीत उतरवा, आणि तो व्हॉल्व्ह कोणत्या यंत्रातून, कोणत्या गावातून निघाला तेही शेजारी लिहा. कारखान्यांच्या नोंदी परदेशी पुस्तकांत सापडतात. कोणता व्हॉल्व्ह मराठवाड्यातल्या कोणत्या मंडपात वाजला, ही नोंद मात्र आपण केली नाही तर कुणीही करणार नाही.

हसनाबाद,
ता. भोकरदन, जि. जालना